१९७९च्या पाठ्यपुस्तकातून ६५०२ची असेंब्ली

लान्स लेव्हेंथाल यांचं '६५०२ असेंब्ली लँग्वेज प्रोग्रॅमिंग' हे जाडजूड पाठ्यपुस्तक ऑस्बॉर्न/मॅकग्रॉ-हिलनं १९७९ साली काढलं. जुन्या संगणकांची असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना देण्याची भाषा, शिकू पाहणारा कुणी भेटला, तर मी सगळ्यात आधी हेच त्याच्या हातात देईन. सोबत एक वही, एक पेन्सिल आणि ६५०२ या प्रोसेसरचा एक साधा सिम्युलेटर (त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम) मात्र हवा. नुसतं वाचायला घेतलंत तर हे पुस्तक तिसऱ्या प्रकरणातच मिटेल. एकेक उदाहरण हातानं चालवत गेलात, तर संगणक आत काय करतो हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं दुसरं पुस्तक मी पाहिलेलं नाही.

माझं रोजचं काम पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चालतं. यादी बनवा, क्रम लावा, जोडा, तोडा, सगळं एकेका ओळीत. त्या ओळीखाली नेमकं काय हलतं हे मला बघायचं होतं. आजच्या प्रोसेसरची असेंब्ली उघडून पाहिली, पण सूचनांची संख्याच इतकी की सगळं कधी डोक्यात मावेल अशी आशा नाही. ६५०२ मावतो. अॅक्युम्युलेटर, एक्स आणि वाय ही कामाची तीन रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागा), स्टॅक पॉइंटर, प्रोग्रॅम काउंटर, थोडे फ्लॅग (एका बिटाच्या खुणा) आणि ५६ सूचना. साधारण साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांची ही चिप १९७५ साली चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमओएस टेक्नॉलॉजीत बनवली आणि ती २५ डॉलरला विकली गेली. तिच्या तोडीच्या चिपा तेव्हा कितीतरी महाग होत्या. म्हणूनच अॅपल टू, कमोडोर पेट, अटारी ८००, बीबीसी मायक्रो अशा किती यंत्रांत ती जाऊन बसली. कमोडोर ६४मधला ६५१० हाही तिचाच सख्खा भाऊ.

पुस्तकाची पद्धत अगदी साधी आहे, आणि माझ्या मते तीच त्याची खरी ताकद. आधी काय करायचं ते एका वाक्यात. मग नमुन्याचे आकडे: मेमरीतल्या अमुक पत्त्यावर हा बाइट (आठ बिटांचा आकडा) असेल तर तमुक पत्त्यावर हा बाइट यायला हवा. मग फ्लोचार्ट, मग प्रोग्रॅम, आणि त्याच्याच शेजारी त्याचे हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेले) बाइट. प्रकरणाच्या शेवटी तसेच प्रश्न, तेही नमुन्याच्या आकड्यांसह. प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे कुणाला विचारायची गरज उरत नाही, मेमरीच सांगते. आज आम्ही कोड लिहायच्या आधी चाचणी लिहा म्हणतो. या पुस्तकात प्रत्येक प्रश्न चाचणीसकटच येतो.

सुरुवातीचं एक उदाहरण बघा. एका बाइटचे दोन तुकडे करायचे: $४० या पत्त्यावर ३एफ आहे, तर $४१वर ०३ आणि $४२वर ०एफ यायला हवं. (डॉलरचं चिन्ह म्हणजे आकडा हेक्समध्ये.) खालचा तुकडा सोपा, एएनडी सूचनेनं वरचे चार बिट पुसले की झालं. वरच्या तुकड्यासाठी बिट उजवीकडे सरकवणारी एलएसआर ही सूचना लागोपाठ चार वेळा लिहावी लागते, कारण ६५०२ एका सूचनेत एकच घर सरकतो. पायथनमध्ये मी चार घरं एका चिन्हात सरकवते आणि त्याला काही किंमत असते हे मनातही येत नाही. इथे चार सूचना, चार बाइट आणि आठ सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) डोळ्यांसमोर दिसतात. शंभरेक पानांचं व्याख्यान ऐकूनही जे उमगलं नसतं, ते या छोट्या प्रोग्रॅमनं उमगलं.

आता अडचणीकडे येते, कारण नवखा माणूस नेमका इथेच पुस्तक टाकून देतो. हे पुस्तक प्रोसेसरबद्दल आहे, कुठल्याही एका संगणकाबद्दल नाही. त्यातले प्रोग्रॅम शून्य पत्त्यापासून सुरू होतात आणि आकडे $४०, $४१ अशा जागी ठेवलेले असतात. कोऱ्या मेमरीवर हे ठीक. पण खऱ्या संगणकात झिरो पेज, म्हणजे पहिले २५६ बाइट, ही सगळ्यात मोक्याची जागा. तिथे पोहोचायला पत्त्याचा एकच बाइट पुरतो, सूचना छोटी होते, एक सायकल वाचते. त्यामुळे यंत्राच्या रॉमनं (कायमच्या मेमरीतल्या प्रोग्रॅमनं) आणि बेसिक या भाषेनं ती आधीच बळकावलेली असते.

अॅपल टूवर तर गंमतच होते. तिथला मॉनिटर, म्हणजे मेमरी बघायचा आणि बदलायचा प्रोग्रॅम, ज्या पत्त्यावर लिहायचं तो पत्ता $४० आणि $४१ इथेच ठेवतो. म्हणजे पुस्तकातलं पहिलंच उदाहरण चालवायला तुम्ही मॉनिटरमधून $४०वर बाइट भरायला गेलात, की मॉनिटर ज्या पत्त्यावर लिहितोय तो पत्ताच तुम्ही बदलता. लिहून झाल्यावर तो त्यात एक मिळवतोही. परत वाचायला जाल तर भरलेलं आणि दिसणारं जुळत नाही. पुस्तक चुकलेलं नाही, यंत्रही बिघडलेलं नाही, फक्त दोघांना एकाच घरात राहायचं आहे. उपाय सरळ: अॅपलवर $०६ ते $०९ या चार जागा मोकळ्या असतात, कमोडोर ६४वर $एफबी ते $एफई. पुस्तकातले पत्ते तिथे नेऊन ठेवा. प्रोग्रॅम अॅपलवर $०३०० पासून, कमोडोर ६४वर $सी००० पासून टाका.

प्रोग्रॅम असा हलवताना एक छान गोष्ट लक्षात येते. बीएनई, बीसीसी यांसारख्या अटीवर उडी मारणाऱ्या सूचनांना हात लावावा लागत नाही, कारण त्या 'इथून इतकी घरं मागे' किंवा 'इतकी पुढे' असं सांगतात. जेएमपी (थेट उडी) आणि जेएसआर (सबरूटीन, म्हणजे मध्येच बोलवायचा छोटा प्रोग्रॅम, गाठणारी उडी) यांचे पत्ते मात्र बदलावे लागतात, कारण त्यांत पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि तोही उलटा, खालचा बाइट आधी. सापेक्ष आणि निरपेक्ष पत्ता यांतला फरक व्याख्या पाठ करून मला कधी नीट बसला नव्हता. प्रोग्रॅम एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला आणि तो कायमचा बसला.

उडीचं अंतर हातानं काढायचा सराव सोडू नका. लूपची सुरुवात $०३०४वर, बीएनई $०३०८वर. सूचना दोन बाइटची, म्हणून मोजायला सुरुवात $०३०ए पासून. $०३०४ला परत जायचं तर सहा घरं मागे, उणे सहा, म्हणजे २५६ उणे ६, हेक्समध्ये एफए. असेंब्लर, म्हणजे सूचनांचे बाइट करणारा प्रोग्रॅम, हे क्षणात करतो, मान्य. पण पहिली पाच-सात प्रकरणं असेंब्लरशिवाय, कागदावर हेक्स लिहून करा असा माझा आग्रह आहे. उणे आकडे दोनाच्या पूरकात (असे २५६मधून वजा करून) का लिहितात आणि उडी १२८ घरांहून मागे किंवा १२७ घरांहून पुढे का जात नाही, हे वेगळं शिकावंच लागत नाही.

हे सगळं कुठे चालवायचं? सुरुवातीला पाय६५ हा पायथनमधला सिम्युलेटर घ्या. त्याची मेमरी कोरी, त्यामुळे पुस्तकातले पत्ते जसेच्या तसे चालतात, एकेक सूचना पुढे सरकवत रजिस्टरं बघता येतात. खऱ्या यंत्राच्या एम्युलेटरवर (पूर्ण यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) नंतर जा. तिथे आणखी एक फरक भेटेल. पुस्तकातली उदाहरणं बीआरके या सूचनेनं संपतात. अॅपल टूवर बीआरके आली की मॉनिटर पत्ता आणि सगळी रजिस्टरं छापून थांबतो, शिकणाऱ्याला याहून चांगलं काय हवं. कमोडोर ६४वर तीच सूचना स्क्रीन पुसून तुम्हाला बेसिकमध्ये परत नेते. तिथे शेवटी आरटीएस (परत फिरा) लिहा आणि प्रोग्रॅम बेसिकच्या एसवायएस या आज्ञेनं बोलवा.

तिसऱ्या प्रकरणात प्रत्येक सूचनेचं सविस्तर वर्णन आहे: बाइट किती, सायकल किती, कुठले फ्लॅग बदलतात. ते सलग वाचू नका, कंटाळा येईल. पुढची प्रकरणं करताना दरवेळी मागे येऊन फक्त लागेल ती सूचना वाचा. एसबीसी या वजाबाकीच्या सूचनेचं वर्णन मात्र बसून, शांतपणे वाचा. ६५०२ला कॅरी (हातचा) धरल्याशिवाय वजाबाकी येतच नाही. शिवाय कॅरी फ्लॅगचा अर्थ वजाबाकीत उलटा होतो: फ्लॅग १ म्हणजे उसना घेतलेला नाही, ० म्हणजे घेतला. म्हणून वजाबाकीआधी एसईसी (कॅरी १ करा) आणि बेरजेआधी सीएलसी (कॅरी ० करा). $५०मधून $२० वजा केलं तर कॅरी १ असताना $३० येतात, ० असताना $२एफ. मोठ्या आकड्यांत मात्र सगळ्यात खालचा बाइट झाला की कॅरीला हात लावायचा नाही, हातचा तोच वरच्या बाइटपर्यंत नेतो. शाळेत पाटीवर केलेली बेरीज हीच, फक्त दहाच्या जागी दोनशे छप्पन्न. हे कळलं की सोळा काय आणि चौसष्ट काय, कितीही बिटांची बेरीज त्याच लूपमध्ये बसते, आणि आठ बिटांचं यंत्र मोठे हिशेब कसे करत असेल हा प्रश्नच उरत नाही.

या टप्प्यावर दुसरं एक पुस्तक शेजारी ठेवावं असं मला वाटतं: रॉडने झॅक्स यांचं 'प्रोग्रॅमिंग द ६५०२'. ते लेव्हेंथाल यांच्याहून गप्पिष्ट आहे, समजावून सांगण्यात जास्त पानं घालवतं आणि सरावाला तुलनेनं कमी देतं. एकट्या त्याच्यावर मी विसंबणार नाही. पण त्यातला आठ बिटांचा गुणाकार करण्यासाठी ते घ्याच. ६५०२ला गुणाकाराची सूचना नाही. गुणकाचा एकेक बिट सरकवत बाहेर काढायचा, तो १ असेल तर बेरीज करायची, मग सरकवायचं, असं आठ वेळा. झॅक्स हा प्रोग्रॅम देऊन थांबत नाहीत. एक रिकामा तक्ता देतात आणि प्रत्येक सूचनेनंतर कुठल्या रजिस्टरात काय आहे ते वाचकाला भरायला लावतात. मी तो तक्ता वहीत आखून पुरता भरला. काम रटाळ आहे, खोटं बोलणार नाही. पण तो भरताना कॅरी एका बाइटमधून निघून दुसऱ्यात कसा शिरतो हे दिसतं, आणि कॅरीसकट बिट उजवीकडे फिरवणारी आरओआर ही सूचना का बनवली हे कुणी न सांगता समजतं. सगळ्यात सुरुवातीच्या ६५०२ चिपांत ही सूचना नव्हती, ती १९७६मध्ये आली. तिच्याशिवाय हा गुणाकार लिहून बघितला, तर ती का आणली तेही कळतं.

लेव्हेंथाल यांच्या पुस्तकातली माझी आवडती प्रकरणं सहावं ते नववं. अक्षरांच्या ओळीची लांबी मोजणं, सुरुवातीची शून्यं पुसून तिथे मोकळी जागा ठेवणं, हेक्स आकड्याचं अक्षर करणं, रांगेतून घटक काढणं, यादीचा क्रम लावणं. हे सगळं मी पायथनमध्ये रोज करते, पण प्रत्येक पावलाला किती काम पडतं हे इथे बघितलं. आठव्या प्रकरणात तपासणी अंक (नंबर बरोबर आहे का हे ओळखायला जोडलेला अंक) काढायचा प्रोग्रॅम आहे: एक सोडून एक अंक दुप्पट करा, बेरीज करा, दहानं भागून उरलेलं घ्या. आज बँक कार्डाच्या नंबरात हाच विचार वापरला जातो. तोच प्रोग्रॅम मोजक्या बाइटांत लिहिलेला पाहताना मला मनापासून आनंद झाला. याच प्रकरणातल्या दशमान बेरजेबद्दल एक सूचना. ती एसईडी (दशमान पद्धत चालू करा) लावून केलेली आहे, आणि निन्टेंडोच्या एनईएसमध्ये जी ६५०२ची भावंड चिप आहे तिच्यात दशमान पद्धत काढून टाकलेली आहे. तिथे उत्तर साध्या बायनरीतच येईल. बाकीच्या यंत्रांवरही प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सीएलडी (दशमान पद्धत बंद करा) लिहायची सवय ठेवा, कारण चालू होताना तो फ्लॅग कुठल्या स्थितीत असेल याची मूळ ६५०२मध्ये खात्री नसते.

अकराव्या आणि बाराव्या प्रकरणांत, इनपुट-आउटपुट आणि इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवणाऱ्या इशाऱ्यांत), पुस्तकाचं वय जाणवतं. ६५२०, ६५२२ अशा जोडचिपा, स्विच, सात पट्ट्यांचे दिवे. तुमच्याकडे नुसता एम्युलेटर असेल तर यातलं बरंच कागदावरच राहील. तरी वेळ काढण्याच्या लूपचा भाग वगळू नका. एक्समध्ये २०० भरा, डीईएक्स (एक्समधून एक वजा) आणि बीएनई (शून्य नसेल तर उडी) फिरवत शून्यावर आणा. भरायला २ सायकल, २०० वेळा डीईएक्सच्या ४००, उडी मारलेल्या १९९ वेळांच्या ५९७, शेवटी उडी न मारण्याच्या २. एकूण १००१. एक मेगाहर्ट्झवर हा जवळपास नेमका एक मिलिसेकंद. प्रोग्रॅम किती वेळ घेईल हे चालवायच्या आधी बेरीज करून सांगता येतं, हा अनुभव आजच्या कुठल्याही यंत्रावर मला मिळालेला नाही. लूप मेमरीच्या पानाच्या (२५६ बाइटांच्या तुकड्याच्या) हद्दीवर आला तर प्रत्येक उडीला एक सायकल जास्त लागते, आणि कमोडोर ६४वर चित्र काढणारी चिप मधूनमधून सुमारे ४० सायकल स्वतःकडे घेते, म्हणून तिथे हा हिशेब थोडा ताणला जातो. हेही मोजून बघण्यासारखं आहे.

चित्रं, रंग, आवाज, स्प्राइट (पडद्यावर हलवायची छोटी चित्रं) यांतलं इथे काहीच नाही. पहिल्याच आठवड्यात पडद्यावर काहीतरी हलताना बघायचं असेल, तर हे पुस्तक तुमची चिडचिड करेल. त्यासाठी तुमच्या यंत्राचा मेमरी नकाशा (कुठल्या पत्त्यावर काय असतं याची यादी) आणि त्या यंत्रासाठीच लिहिलेलं मार्गदर्शक वेगळं घ्यावं लागेल. माझं मत असं की सबरूटीनचं दहावं प्रकरण संपेपर्यंत थांबा, मग ते उघडा. कमोडोर ६४ची किनार रंगवायला $डी०२०वर एक बाइट लिहायचा असतो, एवढंच. त्या आधीचं सगळं इथे पक्कं झालेलं असतं.

स्कॅन केलेली प्रत वापरणार असाल तर ती तपासून घ्या. पान फिकट आलं असेल तर हेक्समधला ८ आणि बी, शून्य आणि डी सारखेच दिसतात, आणि एका बाइटनं पूर्ण प्रोग्रॅम बिघडतो. अक्षरओळख करून काढलेला मजकूर तर प्रोग्रॅमच्या यादीसाठी वापरूच नका, चित्र असलेलं पान घ्या. शंका आली की शेजारची सूचना वाचून ऑपकोड (त्या सूचनेचा बाइट) स्वतः तक्त्यातून काढा. पुस्तकात बाइट आणि सूचना दोन्ही छापलेल्या आहेत, त्यामुळे एक दुसऱ्याला पडताळून बघता येतं. आधुनिक असेंब्लर वापरायला लागलात की सुरुवातीच्या पत्त्याची ओळही बदलावी लागेल. जुन्या पद्धतीत तारा आणि बरोबरचं चिन्ह (*=) लिहीत, सीए६५सारखे काही असेंब्लर त्यासाठी वेगळी सूचना मागतात.

शेवटच्या प्रकरणात दोन पूर्ण प्रकल्प आहेत, डिजिटल स्टॉपवॉच आणि डिजिटल थर्मामीटर. थर्मामीटर जोडणीशिवाय होत नाही. स्टॉपवॉच मात्र कमोडोर ६४वर नक्की करून बघा, कारण तिथे त्याच्यासाठी तयार घड्याळ आहे: $डीसी०८वर सेकंदाचा दहावा भाग, $डीसी०९वर सेकंद, $डीसी०एवर मिनिटं, $डीसी०बीवर तास, सगळं दशमान पद्धतीत. वाचताना तासांपासून सुरुवात करायची. तास वाचताच दिसणारे आकडे गोठतात, आतलं घड्याळ चालूच राहतं, आणि शेवटी दहावा भाग वाचला की ते मोकळे होतात. पुढे प्रत्येक बाइटचे दोन तुकडे करून पडद्यावर टाकायचे, चार एलएसआर लावून.